चांदण्या उजळतात कशा?

मागवलेली वस्तू कितपत पसंत पडली, असे विचारणाऱ्या पाच चांदण्यांपैकी चौथीवर बोट टेकताच तिच्या डावीकडच्या तिन्ही आपसूक उजळतात, आणि पडद्याआड कोणी हिशेबनीस बसला असावा असे वाटते. वस्तुतः तेवढे काम केवळ सजावटीचे नियम सांगणाऱ्या सीएसएसवरही भागते. प्रत्येक चांदणीआड एक रेडिओ बटण असते, आणि पाचांतून एकच निवडता यावे, हा बंदोबस्त ब्राउझर स्वतःच ठेवतो. खरा पेच असा, की सीएसएसचा जुना भावंड-नियम पंगतीतल्या वाढप्यासारखा पुढच्या पानाकडेच सरकतो, मागे वळत नाही. म्हणून कारागीर चांदण्या ५ ते १ अशा उलट क्रमाने लिहून दर्शनी सुलट मांडीत. ही तजवीज डोळसांपुरतीच; कळफलकाचा उजवा बाण दाबावा तर निवड डावीकडे जाई, आणि दृष्टिहीनांच्या कानी क्रम उफराटा पडे.

२०२३ अखेर सर्व प्रमुख ब्राउझरांत दाखल झालेल्या ‘हॅज’ निवडकामुळे ‘जिच्यापुढे निवडलेली चांदणी आहे, ती उजळावी’ असा हुकूम सरळ क्रमातच देता येतो. मात्र बटण ‘डिस्प्ले नन’ने समूळ लपवू नये, कारण मग ते कळफलकालाही सापडत नाही; ते पारदर्शक करावे, त्याला ‘५ पैकी ४ तारे’ असे वाचता येणारे नाव द्यावे, आणि कळफलकाचा रोख जिथे आहे तिथे ठळक चौकट उमटू द्यावी.