घरांतलें पिल्लूं आणि ओली सतरंजी

तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांत दोन महिन्यांचें कुत्र्याचें पिल्लूं येतें, मुलें आनंदानें नाचतात, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोंच घरांत निराळी भाषा ऐकूं येऊं लागते. दिवाणखान्यांतील सतरंजी ओली, देवघराच्या उंबऱ्याशीं थारोळें, आजीबाईंचें सोवळें मोडलेलें. "द्या तें परत!" असा निकाल तिसऱ्या आठवड्यास लागतो. परत घेणारा कोणी नसला म्हणजे पिल्लूं रस्त्यावर जातें, आणि माणसांच्या उबेंत वाढलेल्या त्या जीवाला रस्त्यावर जगण्याची विद्या ठाऊक नसते. ज्या अपराधासाठीं ही शिक्षा व्हावयाची, तो अपराध मुळांत पिल्लाचा आहे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

जन्मल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपण होऊन मलमूत्र विसर्जन करतां येत नाहीं. आई त्याचें पोट चाटते तेव्हां तें घडतें, आणि तीच तें साफही करते. पुढें पायांत बळ आलें कीं पिल्लूं निजण्याच्या जागेपासून चार पावलें दूर जाऊन विधि उरकूं लागतें. म्हणजे स्वच्छतेची बुद्धि त्याला उपजतच आहे. अडचण इतकीच कीं, त्याच्या लेखीं घर म्हणजे त्याचें अंथरूण. तीन खोल्यांचें बिऱ्हाड त्याच्या कल्पनेंत मावत नाहीं. दिवाणखाना त्याला रानच वाटतो. हें रान हळूहळू घर व्हावें म्हणून आरंभीं त्याला सगळीकडे मोकळें न सोडतां एका लहान जागेंत, डोळ्यांसमोर ठेवावें.

त्याच्या शक्तीलाही मर्यादा आहे. वयाचे जितके महिने, त्यांत एक मिळविला असतां जी संख्या येईल तितके तास, असा ठोकळ हिशेब सांगतात. दोन महिन्यांच्या पिल्लास तीन तास ही परमावधि झाली. जागेपणीं आणि खेळतांना तर तासभरही पुष्कळ. झोपेंतून उठतांच, खेळ संपतांच, आणि खाल्ल्यानंतर पांच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आंत त्याला बाहेर न्यावें. पोटांत अन्न पडलें कीं मोठें आंतडें हालूं लागतें, हा शरीराचा धर्मच आहे. म्हणून खाणें ठरल्या वेळीं घालावें. दिवसभर भरलेली थाळी पुढें ठेवणाऱ्यानें वेळेची अपेक्षा करूं नये. जमीन हुंगत पिल्लूं गोल फिरूं लागलें म्हणजे हातांतलें काम टाकून उठावें.

जागा रोज एकच असावी. तेथें काम होतांच, त्याच क्षणीं, तोंडभर कौतुक आणि खाऊचा एक कण! जिना चढून घरांत आल्यावर खाऊ दिला, तर जिना चढल्याचें बक्षीस मिळालें असेंच त्याला वाटणार. पचनक्रियेच्या संशोधनासाठीं १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पाव्हलॉव्हनें कुत्र्यांवरच दाखविलें कीं, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या तरच त्यांची सांगड बसते.

शहरांत आणखी एक पेंच आहे. १९७८ च्या सुमारास पार्व्हो नांवाचा आंतड्यांचा रोग जगभर पसरला, आणि तो पिल्लांना फार मारक आहे. लसींचा क्रम साधारण सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालतो. तोंवर भटक्या कुत्र्यांच्या वावराची जमीन टाळून गच्चींत किंवा गॅलरींत सोय करावी. पुष्कळ लोक वर्तमानपत्रें पसरतात. तें सोयीचें खरें. परंतु मग आजोबांनी अर्धवट वाचून खालीं ठेवलेला ताजा अंकही पिल्लाला आपलाच वाटतो. त्यापेक्षां उथळ पाटींत माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवणें बरें. पुढें मैदानाची ओळख लवकर पटते.

घाणींत नाक घासण्याची जुनी रीत मात्र अगदीं टाकाऊ आहे. घटका उलटल्यावर झालेला मार कशाबद्दल, हें पिल्लाला कळत नाहीं. माणसांसमोर हें करणें धोक्याचें, एवढेंच तें शिकतें आणि पुढच्या वेळीं पलंगाखालीं जातें. त्याचा तो 'अपराधी' चेहरा निव्वळ भीतीचा असतो. कांहीं पिल्लें तर नमस्कार करावा तशीं, धनी घरीं येतांच दबून चार थेंब सोडतात. त्यांना रागावलें कीं थेंब वाढतात. प्रत्यक्ष करतांना सांपडलें तर हलकेंच टाळी वाजवून त्याला उचलावें आणि बाहेर न्यावें.

डाग पुसतांनाही चूक होते. फिनेलानें माणसाचें समाधान होतें, कुत्र्याच्या नाकाचें नाहीं. अमोनिया असलेलें द्रावण तर नकोच. मूत्राचा वासही त्याच जातीचा. एन्झाइमयुक्त द्रावणानें तो मुळांतून जातो. आणि शिकलेलें पिल्लूं एकाएकीं बिघडलें, वारंवार थेंब-थेंब करूं लागलें, किंवा लघवींत रक्त दिसलें, तर तो शिस्तीचा प्रश्न नव्हे, पशुवैद्याकडे न्यावें.

बहुतेक पिल्लें चार ते सहा महिन्यांत शिकतात, कांहींना वर्ष लागतें. पावसाळ्यांत आणलेल्यांचें थोडें लांबतें, कारण ओल्या जमिनीवर पाय टेकण्यास तीं नाखूष असतात. अशा वेळीं धन्यानें छत्री घेऊन त्याच्यासह पांच-दहा मिनिटें पावसांत उभें राहावें, आणि काम झाल्यावर खाऊ तेथेंच, छत्रीखालींच द्यावा.