घर गार ठेवणारीं यंत्रें व त्यांची निगा

इ. स. १८५० च्या मे महिन्यांत ठाणें जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ आपल्या चौक गांवीं पडला होता. ते येथूनच डोंगर चढून माथ्यावर गेले, आणि वरची गर्द झाडी व थंड हवा त्यांच्या मनांत भरली. माथेरान वसलें तें अशा रीतीनें. उकाड्यावरचा हा उपाय उत्तम खरा. परंतु वेळ व पैसा या दोहोंची ज्याच्यापाशीं सुबत्ता, त्यालाच तो साधावयाचा. पायथ्याशीं राहणारांना आपलें घरच गार कसें राहील हें पाहणें भाग पडलें, आणि आतां तें काम करणारीं यंत्रें आपल्या भागांतील घरांतूनही दिसूं लागलीं आहेत. यंत्र विकत घेणें सोपें. त्याचें काम समजून घेऊन त्याची निगा राखणें अधिक कठिण.

प्रथम जुन्या कौलारू घराकडे पाहा. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. मध्यें माळा असल्यास कौलांचा ताप थेट डोक्यावर उतरत नाहीं. पडवीमुळें भिंतीवर ऊन पडत नाहीं. सिमेंटच्या स्लॅबची गोष्ट निराळी. तो दिवसभर ऊन पितो, आणि आपण निजावयास जातों त्याच वेळीं तो ताप खोलींत सोडूं लागतो. पंख्यानें हवा थंड होत नाहीं. अंगावरचा घाम लवकर सुकतो, म्हणून आपणांस गार वाटतें. रिकाम्या खोलींत पंखा फिरत ठेवणें म्हणजे वीज फुकट घालविणें होय.

पाणी सुकतांना उष्णता ओढून घेतें, हें माठाचें तत्त्व. वऱ्हाड-नागपुराकडे उन्हाळ्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. हल्लींचा कूलर हा त्या ताटीचाच वंशज. तिकडील हवा कोरडी, म्हणून तेथें तो उत्तम चालतो. आपल्या कोंकणांत पाऊस जवळ आला म्हणजे हवा ओलाव्यानें भरून जाते, कूलरमधील पाणी सुकेनासें होतें, आणि खोलींत गारव्याऐवजीं दमटपणा वाढतो. नागपूरच्या नातलगांनीं वाखाणला म्हणून खालापुरांत कूलर घेणारास हें आधीं कळलेलें बरें.

आतां एसीकडे वळूं. ‘हा थंडी कोठून आणतो?’ असा प्रश्न वर्गांत हटकून येतो. तो थंडी आणीतच नाहीं. खोलींतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. रहाटानें विहिरींतील पाणी वर काढावें, तसें हें काम आहे. त्याच्या नळ्यांतून एक द्रव्य फिरत असतें. खोलींतील नळ्यांत त्याची वाफ होते व त्या वेळीं तें उष्णता शोषून घेतें. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या पेटींत ढकलतो. तेथें उष्णता सोडून ती पुन्हा द्रव होते. माठांतील पाणी उडून जातें; हें द्रव्य मात्र कोंडलेलें असल्यामुळें पुन्हा पुन्हा कामास येतें. अमेरिकेंत विलिस कॅरिअर यांनीं इ. स. १९०२ मध्यें हवा नियंत्रित करण्याची योजना आंखली, ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं; ओलाव्यानें कागद फुगूं नये एवढाच तिचा हेतु होता! यंत्राची शक्ति टनांत सांगतात, तीही त्याच्या वजनावरून नव्हे. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी तेवढ्याच वेळांत बाहेर काढणारें यंत्र एक टनाचें.

दुरुस्तीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण लोकांची फसगत येथेंच अधिक होते. उन्हाळ्याच्या तोंडीं कारागीर येतो, ‘गॅस संपला’ म्हणतो, भरून देतो, पैसे घेतो. पुढील वर्षीं पुन्हा तेंच. हा गॅस म्हणजे इंधन नव्हे. स्वयंपाकाच्या सिलिंडरप्रमाणें तो वापरानें संपत नाहीं. कमी झाला असेल तर कोठेंतरी गळती आहे. ती शोधून, सांधा झाळून, नळ्यांतील हवा व ओल पंपानें काढून, मगच वजन करून गॅस भरावयाचा. गळती न बुजवितां तो भरणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें. म्हणून पालकांनीं कारागिरास एवढेंच विचारावें, ‘गळती कोठें होती, दाखवा.’ त्याला दाखवितां येत नसेल तर पैसे देण्याची घाई करूं नये. पुष्कळ वेळां गॅस पुरेसा असतो. आंतील जाळी मात्र धुळीनें भरलेली असते. मोठ्या रस्त्याच्या कडेला राहणारांनीं ती वरचेवर पाहावी. वीज बंद करून जाळी काढणें, साध्या पाण्यानें धुणें व सावलींत वाळवून बसविणें, हें आठवींतील मुलासही जमेल. बाहेरची पेटी उघडण्याचें धाडस मात्र मुलांनीं मुळींच करूं नये. तिच्यांतील कपॅसिटरमध्यें वीज बंद केल्यावरही कांहीं काळ विद्युद्भार राहतो, व त्याचा झटका जबर असतो. शिवाय हल्लींच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ नांवाचा गॅस असतो. तो पेट घेऊं शकतो.

सरकारी नियमानें १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचें चिन्ह असलेलीं खोलीचीं यंत्रें सुरू होतांच २४ अंशांवर राहतील अशीं बनवावीं लागतात. तें १६ वर उतरवून वर गोधडी पांघरणें, हा शौक आम्हांस तरी समजत नाहीं.

हें काम शिकण्यासाठीं आय. टी. आय. मध्यें दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. झाळकाम, विजेची जोडणी व मापन हीं तेथें शिकवितात. वर्गांत कंटाळवाणा वाटणारा अप्रकट उष्म्याचा धडा तेथें रोज उपयोगी पडतो. चौक हें गांव पनवेल व खोपोली यांच्या मध्यें रस्त्यावरच असल्यामुळें हातीं कसब असणारास कामासाठीं फार दूर जावें लागणार नाहीं. मात्र काम कष्टाचें आहे. उन्हाळ्यांत उसंत नसते, पावसाळ्यांत मागणी कमी होते, आणि उंच भिंतीबाहेर लोंबकळून पेटी बसवावी लागते. त्या वेळीं कमरेस सुरक्षेचा पट्टा हवाच. मालक तो देत नसेल तर मुलानें वर चढूं नये, असें पालकांनीं त्याला आधींच सांगून ठेवावें.