पुरचुंडीतला गुण

खडेमीठ लोखंडी तव्यावर कोरडंच टाकलं की थोड्याच वेळात तडतडू लागतं. खड्यांच्या पोटात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडे फुटतात. तडतड थांबली की मीठ जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात ओतायचं, तोंड पिळून घट्ट गाठ मारायची. शेक देणारी जाणती बाई पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहते. मग दुखऱ्या कमरेवर नुसती टेकवून लगेच उचलते. जरा निवली की जास्त वेळ ठेवते, शेवटी हलकेच दाबते. मीठ सरकतं, त्यामुळे कमरेच्या खळग्यात, गुडघ्याच्या वाटीभोवती ते नीट बसतं. विटेच्या शेकाला ही सोय नाही.

मिठाच्या जागी कुठे ओवा असतो, कुठे वाळू, कुठे परतलेला निर्गुडीचा पाला, तर कुठे तेल लावून गरम केलेलं एरंडाचं पान. जिन्नस इतके निरनिराळे आणि आराम मात्र बराचसा सारखा. तेव्हा मुख्य गुण या सगळ्यांत समान असलेल्या गोष्टीचा, म्हणजे उष्णतेचा, मानायला हवा. उबेने त्या जागचा रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला स्नायू सैलावतो. शिवाय ऊब आणि दाब यांच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट काही अंशी अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा तोच आहे. ताज्या कंबरदुखीत शेकाने थोड्या काळापुरता आराम पडतो, असं वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2006 च्या आढाव्यात नोंदवलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तर 2017 मध्ये अशा दुखण्यावर गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत शेकाचा समावेश केला.

यावर वनौषधींचे जाणकार म्हणतील की निर्गुडीला वातहर म्हणतात ते काय उगाच? पाल्याचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत शाबूत कातडीतून पाल्यातलं द्रव्य कितीसं आत जाणार? ओला पाला वाफ धरून ठेवतो आणि शेक ओलसर होतो, एवढा त्याचा उपयोग उघड आहे. वनस्पतीत खरोखर दम असेल तर तो सिद्ध करता येतो, हे मिरचीने दाखवून दिलं आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनची मलमं आज डॉक्टर लिहून देतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) ते काम करतं तो शोधून काढला, आणि तोच ग्राही साधारण 43 अंशांपुढच्या उष्णतेनेही जागा होतो असं दिसलं. या कामासाठी ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.

उलट बाजूने आक्षेप येतो की हा सगळा मनाचा खेळ आहे. मायेने कुणी कमरेला हात लावला की बरं वाटतं, हे खरंच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत सुमारे 40 अंशांचा उबदार पट्टा दिवसाला आठ तास बांधलेल्यांना आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. तिथे मायेचा हात नव्हता. पुरचुंडी मात्र थोड्याच वेळात निवते, म्हणून तिच्याकडून तेवढ्याची अपेक्षा करू नये.

गुण उष्णतेचा आहे हे पटलं की शेक कुठे द्यायचा नाही तेही आपोआप कळतं. नुकताच मुरगळलेला, सुजत चाललेला घोटा शेकू नये. तिथे पहिले एक-दोन दिवस थंड पट्टीच बरी. सांधा लाल होऊन ताप आला असेल, कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, छातीत दुखून कळ हातात उतरत असेल, तर तवा खाली उतरवून ताबडतोब दवाखाना गाठावा. कातडी भाजायला 60 अंशांवर काही सेकंद पुरतात आणि तव्यावरचं मीठ त्याहून किती तरी गरम असतं. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला चटका बसलेला कळतही नाही. त्याच्या पायाला शेक देऊच नका.