एक मिलिमीटर, पन्नास ॲटमॉस्फिअर

भोपाळचा बडा तालाब भरला की सुमारे 31 चौरस किलोमीटर पसरतो. पण त्याच्या तळाशी, सर्वांत खोल जागीही, पाण्याचा भार जेमतेम सव्वा ॲटमॉस्फिअरपर्यंत जातो. याच शहरातल्या कॅथ लॅबमध्ये डॉक्टर एक मूठ पिळतात आणि तीन मिलिमीटरच्या धमनीतल्या फुग्यात वीस ॲटमॉस्फिअर दाब भरतात. पाण्यात एवढा दाब हवा असेल, तर दोनशे मीटर खोल जावं लागेल. एवढं करूनही काही वेळा धमनीत बसवलेली धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, पूर्ण उघडत नाही.

याचं कारण कॅल्शियम. वय वाढतं, मधुमेह मुरतो, मूत्रपिंडं थकतात, तसा धमनीच्या भिंतीत चुना साचत जातो. एक्स-रेच्या पडद्यावर फुगा दोन्ही टोकांना फुगलेला दिसतो आणि मधोमध त्याची कंबर आवळलेली राहते. दाब वाढवला तरी ती कंबर हलत नाही.

त्या कंबरेचं गणित निर्दय आहे. तीन मिलिमीटर व्यासाचा स्टेंट पूर्ण उघडला, तर आत 7.07 चौरस मिलिमीटर जागा मिळते. तो दोन मिलिमीटरवरच अडला तर उरते 3.14. म्हणजे व्यास एक तृतीयांश घटला, पण जागा निम्म्याहून कमी झाली. आणि व्यास घटला की प्रवाहाला होणारा अडथळा चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे हिशेबाने तो पाचपट होतो. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं आणि स्वतःच्या स्नायूसाठी मिनिटाला साधारण पाव लिटर रक्त घेतं. त्या वाटेवर धातूची अर्धवट उघडलेली जाळी बसली, की तिथे गुठळी होण्याची किंवा धमनी पुन्हा अरुंद होण्याची भीती कायम राहते. ही जाळी काढून टाकता येत नाही, म्हणून हा प्रश्न मला इतका गंभीर वाटतो.

मग उपाय काय? दुहेरी आवरणाचे खास फुगे 35 ॲटमॉस्फिअर आणि त्याहूनही जास्त दाब सोसतात. पण दाब नेहमी मऊ बाजू शोधतो. चुना एकाच बाजूला असेल तर समोरची निरोगी भिंत फाटू शकते. दुसरा उपाय चुना खरवडण्याचा: ‘रोटा’ या यंत्राचा हिरेजडित मणी मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो. दीड मिलिमीटरचा मणी 1,60,000 फेऱ्यांनी फिरला, तर त्याचा पृष्ठभाग ताशी 45 किलोमीटर वेगाने धावतो. स्टेंटच्या आत तो चालवायचा म्हणजे 60-80 मायक्रॉन जाडीच्या धातूच्या काड्याच खरवडायच्या. तो मार्ग शेवटचाच.

लिथोट्रिप्सीची युक्ती वेगळी आहे. मूतखड्यावर ध्वनिलहरींचा पहिला मारा फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकला झाला. तेच तत्त्व आता करोनरी धमनीत उतरलं आहे. फुगा फक्त चार ॲटमॉस्फिअरवर ठेवतात. आतल्या द्रवात ठिणगी पडते आणि साधारण पन्नास ॲटमॉस्फिअरची लहर क्षणभरात बाहेर जाते. सेकंदाला एक, अशा एका वेळी दहा. मऊ पेशी ती लहर सोसतात, चुना तडकतो. जाळीच्या पलीकडचा चुनासुद्धा असा फोडता येतो आणि मग साध्या फुग्यानेही स्टेंटची कंबर सुटू शकते. अमेरिकेत फेब्रुवारी 2021 मध्ये या लिथोट्रिप्सीला मान्यता मिळाली, पण ती स्टेंट बसवण्याआधीच्या वापरासाठी. बसवलेल्या स्टेंटमध्ये ती वापरणं हा डॉक्टरांनी अडचणीतून काढलेला मार्ग.

भारतात फेब्रुवारी 2017 मध्ये औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरली. लिथोट्रिप्सीचा कॅथेटर त्याच्या कित्येक पट महाग. म्हणूनच चुना आधी ओळखणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. ओसीटी या प्रकाशाच्या तपासणीने धमनी आतून पाहताना तीन आकडे लक्षात ठेवतात: चुना अर्ध्या मिलिमीटरहून जाड, परिघाच्या निम्म्याहून जास्त आणि पाच मिलिमीटरहून लांब. तिन्ही जुळले तर स्टेंटआधी चुना फोडायलाच हवा.

1984 च्या डिसेंबरमधल्या वायुदुर्घटनेच्या रात्री तिशीत असलेले भोपाळकर आज सत्तरीत आहेत, आणि चुना साचण्याचं हेच वय. गॅसपीडितांसाठी उभं राहिलेलं भोपाळ मेमोरियल असो, हमीदिया असो वा एम्स, या माणसांच्या धमनीत स्टेंट उतरवण्यापूर्वी ओसीटीची तार फिरायला हवी. पाच-सात सेंटिमीटर धमनी ती काही सेकंदांत पाहून घेते.