उसाबरोबर गेलेले स्फुरद परत आणा



डीएपीचे पोते मिळेना, मिळाले तर भाव परवडेना, ही तक्रार नारायणगड परिसरात फिरताना आम्ही नेहमी ऐकतो. तक्रार खरी आहे. स्फुरदाचा खडक आपल्या देशात थोडाच. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला खाण आहे, पण बहुतेक माल बाहेरून आणावा लागतो. परदेशात आता सांडपाण्यातले स्फुरदही सोडत नाहीत. मैल्याच्या पाण्यात मॅग्नेशियम घातले की अमोनिया व स्फुरद त्याला धरून बारीक खडे खाली बसतात. त्याला स्ट्रुव्हाइट म्हणतात, ते खत म्हणून विकतात. स्वित्झर्लंडमध्ये तर सांडपाण्यातले स्फुरद परत काढण्याचा नियमच 2016 साली लागू झाला.

आपल्याला एवढे लांब जायला नको. असेच काम आपल्या कारखान्यात दर हंगामात चालते. रस नीट निवळायला लिटरमागे सुमारे 300 मिलिग्रॅम स्फुरद लागते. कमी पडले तर फॉस्फोरिक ॲसिड घालतात. चुन्याचे दूध पडले की चुना आणि स्फुरद एक होतात आणि रसातली घाण पोटात घेऊन तळाला बसतात. तो गाळ म्हणजेच प्रेसमड.

आता हिशेब बघा. शंभर टन ऊस गाळला की साडेतीन-चार टन ओला प्रेसमड निघतो. वाळवला तर तो टनभर भरेल. त्यात 2 टक्के स्फुरद धरले तर 20 किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटची अडीच पोती! सुरू उसाची शिफारस हेक्टरी 115 किलोची, तेव्हा एवढ्यावर भागणार नाही, पण अडीच पोती कोण फुकट देतो?

ओला प्रेसमड मात्र तसाच सरीत ओतू नका. कुजताना तो तापतो, कोवळ्या कोंबांना बाधतो. शेण व पाचटाबरोबर दोन-तीन महिने कुजवा, मग लागणीआधी टाका. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद अडकून बसते, म्हणून स्फुरद विरघळवणारे जिवाणू सोबत द्यावेत. स्पेंटवॉशवर भिस्त ठेवू नये, त्यात मुख्यतः पालाश.

प्रेसमडला आता नवे गिऱ्हाईक आले आहे. केंद्राची ‘सतत’ योजना 2018 साली आली, तेव्हापासून त्यापासून गॅस करणारे प्रकल्प निघू लागले. आमचा त्याला विरोध नाही. गॅसमध्ये कार्बन जातो. स्फुरद मागे चोथ्यातच राहते. तेव्हा वार्षिक सभेत प्रेसमडला दर काय मिळाला एवढेच विचारून खाली बसू नका. चोथा कुणाच्या रानात जाणार, हेही विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.