मोबाइलमधली पोकर रूम का बंद झाली?

नाशिककरांना कॅसिनो म्हणजे गोवा. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही. त्यामुळे अनेक तरुणांचं पोकर टेबल मोबाइलमध्येच होतं. पोकरबाजी, अड्डा५२ वरच्या रात्रीच्या टुर्नामेंट, शेवटच्या पत्त्याची धाकधूक, 'ऑल इन'चं बटण... आता फक्त आठवणी.

नेमकं काय झालं?
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग कायदा मंजूर केला आणि कंपन्यांनी पैशांचे गेम थांबवले.

पोकर कौशल्याचा खेळ ना?
हा कायदा कौशल्य आणि नशीब असा फरक करत नाही. पैसे लावले की बंदी.

शिक्षा कोणाला?
गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

मात्र परदेशी ॲपच्या लिंकपासून सावध राहा. तिथे पैसे अडकले, तर परत मिळणं कठीण.