विलो लावावा, पण जरा जपून

आपल्यापैकी बहुतेकांची विलोशी पहिली ओळख झाली ती क्रिकेटच्या बॅटमुळे. बॅट इंग्लिश विलोची की काश्मिरी, यावर गल्लीत भांडणेही झाली. झाड मात्र इथे आल्यावरच दिसले, नदीकाठी पाण्यात केस सोडून बसलेले. तसे हे कूळ आपल्याला परके नाही. सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचा वाळुंज हा विलोचाच भाऊबंद.

मुलीच्या जन्माच्या वर्षी आम्ही हौसेने घरामागे वीपिंग विलो लावला, भिंतीपासून जेमतेम पाच मीटरवर. दोन वर्षांत तो माझ्या डोक्यावर गेला. तेव्हा शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारले, "घराचा विमा उतरवलाय ना?" प्रश्नाचा अर्थ उमगायला जरा वेळ लागला.

विलोची तहान मोठी. लंडनचा बराचसा भाग चिकणमातीवर वसलेला आहे. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तशीच ही मातीही पाणी गेले की आकसते. कोरड्या उन्हाळ्यात झाडाने उरलेला ओलावा शोषला, की पाया खचतो आणि भिंतींना तडे जातात. 1976 च्या दुष्काळानंतर अशा तक्रारींचा पूर आला होता. विमा कंपन्यांच्या तक्त्यात विलोसाठी घरापासूनचे सुरक्षित अंतर 40 मीटर दिलेले असते. आपल्या बागा मुळात तेवढ्या लांब असतात कुठे?

घर घेतानाच बागेत जुना विलो असेल, तर घाईने कुऱ्हाड चालवू नका. झाड गेले की माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि पाया वर उचलला जातो. आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा, कौन्सिलकडेही चौकशी करावी. झाडाला संरक्षण असेल तर परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही. कॉन्झर्वेशन एरियात सहा आठवडे आधी कळवावे लागते.

मग हौस भागवायची कशी? लहान बागेसाठी 'किलमारनॉक' ही जात उत्तम. सरळ खोडावर कलम केलेली असल्याने ती दीड-दोन मीटरच्या फारशी वर जात नाही. वसंताच्या सुरुवातीला तिच्यावर मऊ, रुपेरी कणसे येतात आणि भुकेल्या मधमाश्यांची सोय होते. फुलोरा संपला की छाटणी करावी, आतल्या वाळक्या फांद्या काढाव्यात. कलमाच्या खालून फुटणारे धुमारे लगेच खुडावेत, नाहीतर तेच शिरजोर होतात. कुंडीत लावल्यास उन्हाळ्यात पाण्याची हयगय नको.

रोप तयार करणे तर अगदी सोपे. पानगळीनंतर पेन्सिलीएवढी जाड, वीतभराहून थोडी लांब काडी घ्यावी आणि दोन-तृतीयांश मातीत खोचावी. डोळे वरच्या दिशेला हवेत, एवढेच पाहावे. बहुतेक काड्या जगतात.

आमचा विलो आम्ही त्याच हिवाळ्यात काढला. मुलगी दोन दिवस रुसली. पण त्याच्या चार काड्या सॉमरसेटमधल्या एका मित्राच्या शेतात, ओढ्याकाठी लावल्या. तिथे त्यांना हवे तेवढे पाणी आहे आणि जवळपास भिंत नाही. आता दर उन्हाळ्यात ती 'आपले झाड' पाहायला जाते. घरामागे मात्र किलमारनॉक आहे, तिच्याच उंचीचा.